अठरा मिलिमीटर

पॅकहाउसात मला एक रिंग दिलेली आहे.
निळ्या प्लास्टिकची, आतून अठरा मिलिमीटर.
जो मणी तिच्यातून निसटतो, तो लहान.
लहान मणी कात्रीने काढायचा,
डाग असलेला काढायचा,
गुलाबी झाक आलेला, उन्हाने भाजलेला, जरा वाकडा,
आणि घड परत उजेडात धरायचा
जसं काही काढलंच नव्हतं.
फेब्रुवारी ते एप्रिल, आठ तास, उभ्याने.
म्हसरूळहून आमची गाडी सकाळी सहाला निघते.
बायका हसतात फार. सुपरवायझर म्हणतो,
मावशी, हात चालवा, युरोपची नजर बारीक असते.

हर्षाली माझी. अकरावी, सायन्स.
सातवीत होती तेव्हा माझ्या ॲप्रनच्या खिशातून
ही रिंग काढून अंगठ्यात घातली तिने
आणि अडकली.
साबण लावला, खोबरेल लावलं,
शेवटी शेजारच्या सोनवणे वहिनींनी
दोरा गुंडाळून गुंडाळून काढली.
रडत होती आणि हसतही होती,
अंगठा गाजरासारखा लाल.

परवा तिने फोटो दाखवला. दाखवला नाही,
चार्जिंगला लावलेला फोन उजळला आणि मी पाहिला.
गोदाघाट. संध्याकाळ. एक मुलगी,
हनुवटी टोक केलेल्या पेन्सिलीसारखी,
रंग आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाचा नाही असा.
मी म्हटलं, ही कोण गं?
मीच.
मग मी मागे बघितलं, सवयीने, डाग शोधतात तसं.
तिच्या कंबरेपाशी दगडी पायऱ्या आत वळलेल्या.
आणि दुतोंड्या मारुती,
ज्याच्या अंगावर आम्ही पूर मोजतो,
गुडघ्याला लागला, छातीला लागला,
रात्रभर एकमेकांना फोन करून विचारतो, कुठवर आलं,
त्या मारुतीचीही कंबर बारीक झालेली.
मला हसूच फुटलं. म्हटलं, बाई,
यंदा पाणी कंबरेला लागलं म्हणायचं, तर कुठल्या कंबरेला?
ती हसली नाही.
फोन घेतला, फोटो काढून टाकला.
इन्स्टावर अकरा मिनिटं होता, म्हणाली,
कुणी काहीच म्हटलं नाही.
कुणी काही म्हटलं नाही ही तक्रार असते
हे मला भांडी घासताना कळलं.

डबा रिकामा येतो, मला बरं वाटायचं.
पोळ्या ती कॉलेज रोडच्या एका कुत्र्याला घालते,
हे वेदश्रीने सांगितलं, तिच्या मैत्रिणीने,
शपथ घालून, जिन्यात.
मी रागावले. मग आया म्हणतात ते सगळं म्हटलं,
देवाने दिलंय ते, आमच्या वेळी, गोड तर दिसतेस.
तिने ऐकून घेतलं.
मग म्हणाली, आई, तू दिवसभर काय करतेस?
मला उत्तर सुचलं नाही. हात चिकट होते.

काढलेले मणी आम्हाला स्वस्तात मिळतात.
तेच जास्त गोड असतात असं सगळ्या बायका म्हणतात.
काही असतात. काही आंबटच.
शनिवारी दोन किलो आणले, पातेल्यात धुऊन ठेवले.
ॲप्रन झटकताना रिंग ओट्यावर पडली.
हर्षालीने उचलली,
न बोलता अंगठ्यात घातली,
हात नुसता खाली सोडला.
रिंग घरंगळत फ्रिजखाली गेली.
दोघींपैकी कुणीच वाकलं नाही.

रात्री दीडच्या सुमाराला
फ्रिजचा उजेड माझ्या पापण्यांवर आला.
पातेलं हललं. एक मणी.
मग बराच वेळ काही नाही.
मग अजून एक.
मी कूस बदलली नाही, डोळे उघडले नाहीत.
बघितलं की ती थांबते.